अठराशे बाराची लढाई आणि आमची हलीमा

अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटमध्ये थंड पाण्याच्या नळाला गरम पाणी यायला लागलं, की समजायचं परीक्षा आल्या. गच्चीवरच्या टाक्या तापतात. नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला गेलं की हात पोळतो. माझ्या मुलाने, इम्तियाजने, मला एक युक्ती शिकवली आहे. मे महिना लागला की गिझर बंद करून टाकायचा आणि गरमचा नळ सोडायचा. गिझरमधलं पाणी घराच्या सावलीत निवलेलं असतं. म्हणजे थंडच्या नळाला गरम आणि गरमच्या नळाला थंड. माझ्या बायकोला, हलीमाला, हे फार आवडलं होतं. "तुमच्या स्वभावासारखा देश आहे," म्हणाली होती.

परवा थंडचा नळ सोडला आणि हात पोळला. बाहेर येऊन बघतो तर सना जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून बसलेली. माझी नात, यंदा नववीत. केसांत पेन्सिल खोचलेली, समोर चार रंगांचे मार्कर, त्यांचा तो डोक्यात जाणारा वास. एसीची घरघर. खिडकीतून दोन बिल्डिंगांच्या फटीत मेट्रो दिसते आणि जाते. सगळं मागच्या वर्षीसारखंच. फक्त समोरच्या खुर्चीवर सनाने आपली बॅग ठेवली आहे. मागच्या वर्षी ती बॅग खाली जमिनीवर असायची. खुर्चीवर हलीमा बसायची, पायांखाली उशी घेऊन, आणि सना तिला अमेरिकेची लढाई शिकवायची.

सनाची शाळा अमेरिकन. मूळ गाव रत्नागिरीखालचं, जन्म दुबईचा, आणि इतिहास अमेरिकेचा. तिच्या बाईंनी सांगितलं होतं, धडा घोकू नका, घरात ज्याला काहीच येत नाही असा माणूस धरा आणि त्याला समजावून सांगा. असे घरात आम्ही दोघं. मी सहावीत शाळा सोडली, हलीमा शाळेत गेलीच नाही. मी मध्येमध्ये बोलतो म्हणून सनाने दादीला धरलं.

"दादी, फोकस. वॉर ऑफ एटीन ट्वेल्व्ह. अमेरिका अँड ब्रिटन."

"दोघांची भाषा एकच ना गे?"

"या. इंग्लिश."

"मग घरातलंच भांडण."

"दादी, प्लीज. कॉज नंबर वन, इम्प्रेसमेंट."

ती काय सांगत होती ते मला कळलं तेव्हा मी टीव्हीचा आवाज बंद केला. विलायतेची फ्रान्सशी लढाई चालली होती. आरमाराला माणसं कमी पडत होती. पगार कमी, फटके जास्त, कोण राहील? खलाशी पळून अमेरिकेच्या जहाजांवर जायचे, तिथे पगार बरा. मग विलायतेची लढाऊ जहाजं भर समुद्रात अमेरिकेची जहाजं अडवायची, सगळ्यांना डेकवर उभं करायची आणि हा आमचा, हा आमचा, असं म्हणत माणसं उचलून न्यायची. त्यात खरे अमेरिकेचे कितीतरी गेले. बोलणं एकच, कातडी एकच, सिद्ध कसं करणार?

मी बोलायचं नव्हतं, पण बोललो. म्हटलं, "खलाशी कुणाचाच नसतो. ज्याचं जहाज त्याचा."

"दादा, दॅट्स नॉट इन द बुक," सना म्हणाली.

पुस्तकात नसेल. मी आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलं. आमचे पासपोर्ट कॅप्टनच्या कपाटात असायचे. बंदरात उभं राहून दिवे बघायचे आणि ते कुठल्या देशाचे आहेत हे दुसऱ्याला विचारायचं. दुबईच्या खाडीत कितीदा आलो, पण दुबई पाहिली ती म्हातारपणी, हलीमाच्या पोटातल्या गाठीमुळे. इम्तियाज म्हणाला, अब्बा, तिथे काही होणार नाही, तिला घेऊन इकडे या. आलो.

बाकीची कारणंही सनाने सांगितली. विलायत अमेरिकेचा व्यापार अडवत होती. पश्चिमेकडे तिथले मूळचे लोक आपल्या जमिनी धरून बसले होते, त्यांना विलायत बंदुका देते असा अमेरिकेला राग. आणि अमेरिकेतल्या काही जणांचा कॅनडावर डोळा. मग लढाई पुकारली. आणि इथे सनाने पेन्सिल वर केली. "नाऊ द सॅड पार्ट, दादी." ज्या हुकुमांनी व्यापार अडत होता, ते हुकूम विलायतेने मागे घेतो म्हणून जाहीर केलं होतं. अमेरिकेने लढाई पुकारायच्या दोनच दिवस आधी. पण समुद्र ओलांडायला जहाजाला महिना, दीड महिना. कारण गेलेलं होतं आणि लढाई सुरू झाली.

"फोन नव्हते ना बिचाऱ्यांकडे," हलीमा म्हणाली.

सनाने सहज विचारलं, "दादी, तू आणि जैनबदादी का नाही बोलत? व्हॉट्स द कॉज?"

जैनब म्हणजे हलीमाची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला आपा म्हणतो. हलीमा चार वर्षांची असताना त्यांची आई गेली, आपाने तिला कडेवर घेऊन वाढवलं. हलीमा नवऱ्यापेक्षा आपाला जास्त भ्यायची, हे मी रागाने म्हणत नाही, तसंच होतं.

हलीमा म्हणाली, "जमिनीवरून. माडांच्या हद्दीवरून."

खोटं. खरं कारण सना स्वतः, समोर बसलेली, केसांत पेन्सिल खोचून. इम्तियाज लहान असताना हलीमाने आपाला शब्द दिला होता, तुझी रेहाना माझी सून. गावाला माहीत होतं. रेहाना मोठी झाली ती ह्याच शब्दाखाली. इम्तियाज दुबईला आला, नोकरीला लागला, आणि त्याने इथल्याच एका मुलीशी लग्न केलं. चांगली मुलगी आहे, माझी सून शबाना, माझ्या भाकरीला तूप लावते, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण शब्द मोडला तो मोडला. रेहानाचं नंतर घाईघाईने दुसरीकडे केलं, ते टिकलं नाही, ती परत आपाच्या घरी आली. तेव्हापासून दोघी बहिणींचं बोलणं बंद. आता हे सनाला काय सांगणार? बाळे, कारण नंबर वन तू आहेस?

मला त्या दिवसांचा प्रकाश आठवतो. इथल्या मेमध्ये आकाश निळं नसतं, पांढुरकं असतं, कढवलेल्या दुधावरच्या सायीसारखं. बाहेर माणूस दिसत नाही. सकाळी पिवळी बस सनाला नेते, दुपारी आणून टाकते, मधल्या वेळात रस्ता नुसता तापत पडलेला. हलीमा खिडकीशी बसून म्हणायची, "इथे ऊन आहे, पण उन्हाला वास नाही." आमच्या गावात ऊन पडलं की सुकत घातलेल्या सुकटीचा वास सुटतो, जाळ्यांचा सुटतो. इथे काच तापते. काचेला कसला वास?

तिला एकच गोष्ट हवी होती. बरं व्हायचं नव्हतं, ते तिने डॉक्टरांच्या आधी ओळखलं होतं. तिला आपाच्या तोंडून माफी हवी होती. आमच्यात मरायच्या आधी कहा-सुना माफ करून घेतात. जे बोललो, जे ऐकलं, ते माफ. शेजाऱ्याशीसुद्धा करतात, मग आईसारखी बहीण. "वर जाऊन काय सांगू," मला म्हणायची, "सगळ्यांचं फिटलं, हिचंच राहिलं?"

ऑपरेशन अबुधाबीला झालं. पहाटे इम्तियाजने गाडीतून नेलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि त्याला बाजूला घेऊन बोलले. उघडून बघितलं आणि पुन्हा शिवलं, काढण्यासारखं राहिलं नव्हतं. पण हे आम्हाला त्याने नंतर सांगितलं. तेव्हा त्याने एवढंच केलं, गावातल्या सगळ्या नातेवाइकांचा फोनवर ग्रुप आहे, त्यात बोलून निरोप टाकला. "अस्सलाम अलैकुम. अम्मीचं खलास झालं. डॉक्टर आत्ताच बाहेर आले. सगळ्यांनी दुआ करा." गळा भरलेला होताच.

इथे खलास म्हणजे झालं, आटपलं. टॅक्सीवाल्याला पैसे दिले, खलास. दुकानातला पाव संपला, खलास. सना ताटावरून उठते, खलास. अरबांचा शब्द आहे, इम्तियाजच्या तोंडात वीस वर्षं मुरलेला. ऑपरेशन आटपलं, एवढंच त्याला सांगायचं होतं. आमच्या गावात खलास एक कोंबडी होते, नाहीतर माणूस.

मी खाली कँटीनमध्ये कागदी कपातला चहा घेऊन उभा होतो. फोन वाजला. गावचा शेजारी कासम. म्हणाला, "भाई, सबर करा. अल्लाची अमानत होती, त्याने नेली."

मी म्हटलं, "कुणाला?"

तो रडायला लागला. त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मला वाटलं, इम्तियाजने मला न सांगता आधी गावाला सांगितलं. कप तिथेच ठेवून मी जिना चढलो. लिफ्ट होती, पण लिफ्टची वाट कोण बघतो? वॉर्डात पोहोचलो तेव्हा धाप लागली होती. हलीमा पलंगावर, नाकात नळी, डोळे अर्धे उघडे. माझ्याकडे बघून म्हणाली, "धापा का टाकताय? कोण मेलं?"

मी म्हटलं, "तू. गावात."

ती हसली आणि टाके ओढले गेले म्हणून कळवळली, मग पुन्हा हसली. नर्स ओरडली. नर्स केरळची होती, तिला काय सांगणार, की ह्या बाईच्या मयताची बातमी आली आहे आणि ती चहा मागते आहे?

गावात तोपर्यंत मशिदीच्या भोंग्यावरून नाव पुकारून झालं होतं. बायका आपाच्या घरी जमल्या, कारण थोरली तीच. कुराण वाचायला घेतलं. सगळं नंतर कासमच्या बायकोने फोनवर सांगितलं, एकदा नाही, हलीमाने तिच्याकडून तीन-चारदा वदवून घेतलं. आपा बायकांच्या मधोमध येऊन बसली. मग छाती पिटून रडली. आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हलीमा, तुला मी कडेवर वाढवली गे. तुझं सगळं माफ. जे बोललीस ते माफ. माझ्या रेहानाचंही माफ." रेहाना तिथेच बसली होती, पाण्याचे पेले घेऊन. तिने मान वर केली नाही.

"मोठ्याने रडली?" हलीमा विचारायची.

"मोठ्याने. धरावं लागलं," कासमची बायको सांगायची.

हलीमा डोळे मिटून घ्यायची. असं सुख मी तिच्या तोंडावर लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तर ती माझ्याकडे बघून रडत होती.

पण गावाला खरं कळवावं लागलं. इम्तियाजने पुन्हा निरोप टाकला, अम्मी हयात आहे. कुणी हसलं, कुणी शुकर म्हटलं, कुणी इम्तियाजला शिव्या घातल्या. आपाला रेहानाने सांगितलं. आपा उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "मयताला दिलेली माफी जिवंत माणसाने वापरायची नाही."

झालं. तह झाला होता तो फाटला. हलीमाला हे आम्ही लपवणार होतो, पण कासमची बायको लपवणारी नव्हे. हलीमाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे कागद तयार आहे. फक्त मला मरायचं आहे."

"कसलं बोलतेस," मी म्हटलं.

"बरोबर बोलते. आपाचा हिशेब पहिल्यापासून चोख."

अबुधाबीहून परत आणलं. शाळेने परीक्षेचं वेळापत्रक लावलं होतं, ते फ्रिजवर चिकटवलेलं. सना पुन्हा समोर बसली, ह्या वेळी हलीमा खुर्चीवर नाही, हॉलमध्ये आणून ठेवलेल्या पलंगावर. लढाई पुढे चालू.

अमेरिका कॅनडा घ्यायला निघाली. नुसतं चालत जायचं आहे असं त्यांना वाटत होतं. एका किल्ल्यात म्हातारा सेनापती होता, आत त्याची मुलगी आणि नातवंडं. बाहेर विलायतेचे शिपाई आणि त्यांच्या बाजूने लढणारे मूळचे लोक. हे आत घुसले तर लेकरांचं काय होईल ह्या भीतीने त्याने एक गोळी न झाडता किल्ला देऊन टाकला. त्याच्यावर पुढे खटला चालवला. सनाने हे फार तिरस्काराने सांगितलं.

"बरोबर केलं त्याने," हलीमा म्हणाली.

"दादी! ही वॉज अ कावर्ड."

"नातवंडं वाचली ना?"

"आय थिंक सो."

"मग तुला काय कळतंय त्यातलं?"

अमेरिकेने कॅनडाचं एक शहर जाळलं. मग विलायतेने येऊन अमेरिकेची राजधानी जाळली. राष्ट्राध्यक्षाच्या घरात जेवण मांडलेलं होतं, त्याची बायको एक मोठी तसबीर वाचवून पळाली, शत्रू आले, टेबलावर बसले, जेवले, आणि मग घर पेटवलं. हलीमाला ह्या गोष्टीने धरून ठेवलं. दोन दिवस तेच. "वाढलेलं जेवण जेवून मग घर जाळायचं? त्या अन्नाची तरी लाज?" आणि मग, "तसबीर काय घेतली बाईने. मी असते तर पातेलं उचललं असतं."

ह्या धड्यांच्या मधल्या वेळात ती फोन लावायला लावायची. इम्तियाज-शबाना कामावर, म्हणून सना लावून द्यायची. फोन रेहाना उचलायची. दरवेळी रेहाना. मावशीला ती खाला म्हणते.

"आपा आहे का गे?"

"आई नमाजला बसलीय, खाला."

"आत्ता? ह्या वेळेला कसली नमाज?"

"बसलीय."

आणि मागून आपाचा आवाज स्पष्ट यायचा, "सांग तिला, मी घरात नाही." हलीमा त्यावर रागवायची नाही. फोन कानाला तसाच धरून ठेवायची. आपा मागे कोंबड्यांना हाकलायची, रेहानाला ओरडायची, भांडं आपटायची, हे सगळं हलीमा ऐकायची. "आवाज खणखणीत आहे अजून," मला सांगायची. तेवढंच मिळालं तिला. फोनच्या मागचा आवाज.

माझं मत विचारलंत तर मला आपाचा राग आला नाही. मी जहाजावर माणसं बघितली आहेत, चार महिने एका केबिनमध्ये झोपून एकमेकांशी न बोलणारी. राग धरायलाही ताकद लागते, आणि म्हाताऱ्या माणसाकडे दुसरं काय धरायला असतं? रेहानाचं आयुष्य विस्कटलं ते कुणाला तरी भरून द्यायला हवं होतं. ते हलीमा भरून देऊ शकत नव्हती, मीही नाही. ती नुसता एक शब्द मागत होती. आपाला वाटलं असेल, एवढ्याशा शब्दात हिला सोडायची?

मग तहाचा धडा आला. दोघंही दमले, सना म्हणाली. परक्या गावात माणसं जमली, सह्या केल्या. कुणी काय जिंकलं? काही नाही. हद्दी होत्या तिथेच. "नथिंग चेंज्ड, दादी. बोथ सेड दे वन." मी विचारलं, खलाशांचं काय ठरलं? पकडून नेलेल्यांचं? सनाने पान पुढेमागे केलं. तहात त्यांचा विषयच नव्हता. ज्यांच्यावरून एवढं पेटलं, ते कागदावर आलेच नाहीत.

"आणि ते दुसरे?" हलीमाने विचारलं. "ज्यांच्या जमिनी होत्या?"

सना म्हणाली, त्यांना त्यांच्या जमिनी परत द्यायच्या असं एक कलम होतं, पण ते कुणी पाळलं नाही. त्यांचा मोठा सरदार तर आधीच लढाईत मेला होता. खरे हरले ते तेच.

"त्यांना कुणी विचारलं होतं? तह करताना?"

"नो, दादी. नोबडी आस्क्ड."

हलीमाने भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "रेहानाला फोन लाव."

मी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत, इतक्या फोनांत, रेहानाशी ती एवढंच बोलली होती, आपा आहे का. सनाने फोन लावला. रेहाना म्हणाली, "आई आत आहे, खाला." हलीमा म्हणाली, "आपा नको. तूच." तिकडून "बोला, खाला" आलं. इकडे हलीमाचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.  शेवटी म्हणाली, "आईला सांधेदुखीचं तेल लावत जा. हिवाळ्यात फार दुखतं तिला." आणि फोन सनाच्या हातात दिला.

नाही जमलं. थोरलीची माफी मागायची हिंमत होती, पोरीची मागायची नव्हती. मी उठलो. तिचा घाम पुसला.

शेवटच्या दिवसांत तिला पुन्हा इस्पितळात नेलं, ह्या वेळी जवळच्याच. सनाचा इतिहासाचा पेपर होता त्या सकाळी हलीमा गेली. इम्तियाज म्हणाला, अब्बा, पोरीला आत्ता नको सांगूया, पेपर होऊ दे. मीही हो म्हटलं. सना आठ वाजता लिहायला बसली असेल, आणि आम्ही तिच्या दादीचे कागद करत फिरत होतो. दुपारी मी घरी आलो, पिवळी बस आली, दार उघडलं, बॅग जमिनीवर आपटली आणि पोरगी ओरडली, "खलास!"

मी तिथेच उभा.

"दादा, दादीला फोन लाव ना. लास्ट क्वेश्चन तोच आला. तह झाल्यावर सुद्धा मोठी बॅटल झाली, बिकॉज न्यूज पोहोचली नव्हती. मी दोन पानं लिहिली. शी विल बी सो हॅपी."

हा धडा हलीमाने ऐकला नव्हता. तो राहिला होता. सही होऊन गेली होती, शांतता झाली होती, आणि ती बातमी समुद्रातून येत असताना दक्षिणेकडच्या एका शहरापाशी हजारो माणसं एकमेकांवर चालून गेली. शेकड्यांनी मेली. त्या चिखलात पडलेल्यांना कुणी शत्रू म्हणावं, तर तेव्हा ते शत्रू राहिलेलेही नव्हते. हे सगळं सना मला उभ्या उभ्या सांगत होती आणि मी ऐकत होतो, कारण ती थांबली की मला बोलावं लागणार होतं.

संध्याकाळी मी गावाला फोन केला. कासमने उचलला. मी म्हटलं, "हलीमा गेली."

तो म्हणाला, "परत?"

त्याचा दोष नाही. माणसाच्या तोंडून निघून गेलं. पण हलीमासाठी गावाने काढलेला शब्द तेवढाच, परत? भोंग्यावरून पुकारलं की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही. रडणं एकदा झालं होतं, कुराण वाचून झालं होतं, चहा-पाणी झालं होतं. एका माणसासाठी दोनदा कोण रडतो?

आणि आपाने मानलंच नाही. म्हणाली, "मागच्या वेळीही हेच म्हणाले होते. आता माझ्याकडून माफी काढायची म्हणून तिला पुन्हा मारली." रेहानाने शपथा घेतल्या. इम्तियाजने फोनवर रडून सांगितलं. नाही. शेवटी त्याने कबरीचा फोटो पाठवला. इथे अल क्वोजच्या कब्रस्तानात पुरली तिला, गोदामांच्या पलीकडे. सपाट वाळू, ओळीने दगड, आमच्या दगडावर नाव नाही, नंबर आहे. आपाने फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला म्हणे आणि म्हणाली, "ही वाळू आहे. ह्यात माझी बहीण कुठे आहे?"

तिचंही बरोबर आहे. मी शुक्रवारी तिथे जातो, मलाही तो प्रश्न पडतो. गावात कबर असती तर आपा काठी टेकत गेली असती, हात लावला असता, मानलं असतं. इम्तियाज मला परत गावाला जाऊ देत नाही, म्हणतो तिकडे तुम्हाला कोण बघणार? आणि खरं सांगायचं तर मलाच जायचं नाही. तिला इथे वाळूत ठेवून कुठे जाऊ? मग बसतो. वर्ष झालं. पुन्हा परीक्षा आल्या. सना आता कुणाला समजावून सांगत नाही, कानात वायर घालून वाचते.

परवा, नळाला हात पोळला त्याच दुपारी, फोन वाजला. रेहाना. म्हणाली, "खालू, आई सकाळपासून मागे लागलीय. मी सांगून थकले. तुम्हीच बोला." आणि फोन आपाच्या हातात दिला. एवढ्या वर्षांत आपा पहिल्यांदा स्वतः फोनवर.

"भाई, हलीमाला फोन द्या."

मी म्हटलं, "आपा, हलीमा नाही. वर्ष झालं तिला जाऊन."

"ते राहू द्या. मला माहीत आहे तुमचं सगळं. द्या तिला फोन. मी माघार घेतेय असं सांगा. मी बोलेन."

"आपा, खरंच सांगतो."

"द्या म्हणते ना!"

मी काय करणार होतो?  फोन कानाला तसाच. तिला वाटलं मी दिला. आवाज एकदम खाली आला, म्हातारीचा झाला.

"हलीमा? आलीस का गे?"

मी श्वास धरला.

"ऐक. मी आता फार दिवस नाही. ते रेहानाचं जे झालं ते झालं. तू लहान होतीस तेव्हा मी तुला मारायची, ते तू मला माफ कर. मी तुला सगळं माफ केलं. सगळ्यांसमोर नाही, जिवंतपणी केलं. ऐकलंस ना?"

मागे कोंबडी ओरडत होती. सनाने कानातली वायर काढून विचारलं, "दादा, हू इज इट?" मी हाताने तिला गप्प केलं.

"बोल ना गे काहीतरी," आपा म्हणाली.

मी बोललो असतो तर पुरुषाचा आवाज. नाही बोललो तर हलीमा गप्प. आपा वाट बघत राहिली. तिचा श्वास ऐकू येत होता, दमेकऱ्याचा, ओढत ओढत. खूप वेळ.

मग म्हणाली, "अजून राग गेला नाही होय तुझा? बरं."

फोन बंद झाला.

काल रेहानाने सांगितलं, आपा जेवत नाही नीट. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, मी तर माघार घेतली, माफीही मागितली, पण हलीमा दुबईला जाऊन फार मोठी झाली, ती माझ्याशी बोलायला तयार नाही.